हरायला आलेला पाहुणा

मी कुस्तीसाठी कुवेतला जाऊन आले असं सांगितलं, की पुण्यातली माणसं आधी माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतात आणि मग पायांतल्या चपलांकडे. मग सांगावं लागतं की कुस्ती मी करायची नव्हती, करणाऱ्याचं बोलणं जपानीतून इंग्रजीत आणायचं होतं. एवढ्यावर त्यांची उत्सुकता संपते आणि ती सोन्याचा भाव विचारतात. सोनं मी पाहिलं नाही. जे पाहिलं ते लिहून काढते आहे, कारण कुवेतला जाणाऱ्या मराठी माणसाला ते दाखवायला कुणी नेणार नाही.

माझा व्यवसाय दुभाषाचा. चाकणच्या कारखान्यांत जपानी साहेब आणि मराठी सुपरवायझर यांच्या मधोमध उभं राहून मी गास्केट, गंज आणि उशीर या तीन विषयांवर दोन्ही बाजूंची बोलणी खाल्ली आहेत. त्यात एक पथ्य मात्र पाळलं. समोरचा जे बोलला तेच सांगायचं. पदरचं घालायचं नाही, त्यातलं गाळायचंही नाही.

मला बोलावणारे शैलेश हे मूळचे डोंबिवलीचे. कुवेतमध्ये ते 'इव्हेंट' करतात. म्हणजे नक्की काय करतात, ते आठवडाभर त्यांच्याबरोबर काढूनही मला कळलं नाही. फोनवर त्यांनी सांगितलं की जपानचा एक 'लेजंड' पैलवान आपली अखेरची लढत कुवेतमध्ये लढणार आहे, आणि टोकियोहून दुभाषी आणण्यापेक्षा पुण्याहून आणलेला परवडतो. निदान हे तरी त्यांनी लपवलं नाही. मी कुवेत पाहिलं नव्हतं, आणि नोव्हेंबरात तिथली हवा चांगली असते असं ऐकून होते. हवेबद्दल ऐकलेलं खरं निघालं.

मिरकाब

आमचं हॉटेल कुवेत शहरातल्या मिरकाब भागात होतं. एका बाजूला काचेचे टॉवर आणि दुसऱ्या बाजूला एसींची डबडी लटकवलेल्या जुन्या इमारती. माझ्या खिडकीतून टॉवर दिसेल असं शैलेशनी कळवलं होतं. दिसत होता, पण समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी वाऱ्याने बाजूला झाल्या तरच.

लॉबीत एक जाहिरात उभी केली होती. माणसापेक्षा उंच. तिच्यावर एक राक्षस दात विचकून उभा, मागे ज्वाळा, आणि खाली इंग्रजीत 'ब्लॅक बुल'. जाहिरातीच्या शेजारच्या सोफ्यावर एक ठेंगणे, जाडजूड, गोरेपान गृहस्थ गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. वय साठीच्या पुढे. कान पापडासारखे चुरगळलेले. मला पाहून ते उठले आणि कमरेत इतके वाकले की मागून जाणारा सामानवाला दचकून थांबला. हेच ते काळे बैल. खरं नाव कुराहाशी.

या प्रकारची कुस्ती मी आमच्या शेजाऱ्यांच्या नातवामुळे टीव्हीवर पाहिली होती. तेलकट माणसं एकमेकांना धमक्या देतात, मग ठरल्याप्रमाणे आपटतात आणि ठरल्याप्रमाणे उठतात. आमच्याकडच्या एखाद्या तालमीतल्या वस्तादाला हे दाखवलं तर तो रागावणारसुद्धा नाही, पान लावत बसेल. या उद्योगाला साठी गाठलेला माणूस आयुष्य कसं वाहतो, याचं मला पहिल्या दिवशी नवल वाटलं आणि दुसऱ्या दिवशी कीव आली.

दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषद होती. पत्रकार थोडे होते आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं लक्ष समोशांवर होतं. कुराहाशींच्या शेजारी त्यांचा प्रतिस्पर्धी फहद बसला होता. वय पंचविशीचं, देखणा, घट्ट टीशर्ट. इंटरनेटवर व्यायामाचे व्हिडिओ टाकून तो प्रसिद्ध झालेला. कुस्ती त्याने कधी केलेली नव्हती, पण त्याच्या मामांचा टायरचा मोठा व्यापार होता आणि ते या कार्यक्रमाचे प्रायोजक होते. म्हणजे तो जिंकणार होता.

एका पत्रकाराने विचारलं की ब्लॅक बुल यांनी आजवर किती किताब जिंकले. मी प्रश्न जपानीत सांगितला. कुराहाशींनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "एकही नाही. मी हरण्याचं काम करतो."

शैलेश टेबलाच्या टोकावरून माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होते. मी जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. खोलीत कुणीतरी हसलं. फहदने मोबाइल वर धरून स्वतःचं आणि म्हाताऱ्याचं चित्रीकरण सुरू केलं.

नंतर शैलेशनी मला बाजूला घेतलं. त्यांचं म्हणणं असं की भाषांतरात थोडी 'फीलिंग' हवी. मी म्हटलं, तो जे बोलला तेच मी बोलले. त्यावर ते म्हणाले, "मॅडम, तेच तर प्रॉब्लेम आहे. आपण लेजंड विकतोय, आणि तुम्ही म्हाताऱ्याला विकताय."

या माणसाचा मला राग येईना. राग येण्यासाठी समोर काहीतरी ठाम असावं लागतं. शैलेश सकाळी अरबी 'इन्शाल्ला' म्हणत, दुपारी हिंदीत शिव्या देत, संध्याकाळी मराठीत गळा काढत. हॉलचं भाडं, रिंगच्या फळ्या, तिकिटं, सगळं त्यांच्या तोंडून 'खल्लास, झालं' होतं, आणि त्यातलं काहीच झालेलं नव्हतं.

शुवैख

सरावासाठी रिंग लावली होती शुवैखमध्ये, गॅरेजांच्या रांगेमागच्या एका गोदामात. तिथवर जाताना टॅक्सी दोन्ही बाजूंच्या उघड्या बोनेटांमधून वाट काढते. बंगाली, पठाण, मल्याळी मेकॅनिक गाड्यांच्या पोटांत शिरलेले, हवेत ग्रीसचा आणि ओल्या धुळीचा वास. बंदरावरच्या क्रेन गोदामाच्या छपरावरून डोकावत असतात. मला तो भाग मिरकाबपेक्षा आवडला. तिथे निदान प्रत्येक माणूस काहीतरी दुरुस्त करत होता.

गोदामात मात्र उलट चाललं होतं. फहदला दमायला आवडत नसे. तो दोन उड्या मारी, आरशात बघे, आणि त्याचा मित्र चित्रीकरण करी. कुराहाशी आधी येऊन कोपऱ्यात बैठका मारत. मग स्वतः झाडू घेऊन रिंगची फळी झाडत. पंच म्हणून नेमलेला एक फिलिपिनो गृहस्थ होता, दिवसा जवळच्याच गॅरेजात रंगकाम करणारा. तो झाडू मागायला येई आणि कुराहाशी देत नसत.

वाचकांसाठी हा खेळ थोडक्यात सांगते. एकाने दुसऱ्याची पाठ टेकवली की पंच फळीवर तीनदा हात आपटतो. तिसऱ्याच्या आत खालच्याने खांदा उचलला तर खेळ पुढे चालू, नाही तर तो हरला. कोण, कधी, कितव्या आपटीला खांदा उचलणार हे आधी ठरलेलं असतं. या लढतीचा आराखडा कुराहाशींनीच केला होता. आधी फहद त्यांना झोडपणार. मध्यावर कुराहाशी एकदाच उलटून फहदवर चढणार, आणि फहदने दुसऱ्या आपटीनंतर खांदा उचलायचा, म्हणजे प्रेक्षकांचा श्वास अडकेल. मग फहदने त्यांना आडवं उचलून हळूच पाठीवर टाकायचं आणि जिंकायचं.

"हळूच," कुराहाशी मला पुन्हा सांगायला लावत. मी सांगे. फहद मान डोलवी आणि दाणकन टाकी.

चहाच्या वेळी मी त्यांना आयुष्याबद्दल विचारत असे. खरं तर वेळ घालवायला. ते उत्तरेकडच्या एका मासेमारीच्या गावचे. पोरवयात कुस्तीच्या आखाड्यात दाखल झाले. तिथे पहिली काही वर्षं फक्त वरिष्ठांच्या पाठी घासायच्या, त्यांच्यासाठी मोठ्या पातेल्यात मांस-भाज्यांचा रस्सा शिजवायचा आणि बैठका मारायच्या. एक दिवस मुख्य गुरूने सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि प्रत्येकाचं भविष्य सांगितलं. यांच्यापुढे थांबून तो म्हणाला की तुझा चेहरा हरणाऱ्याचा आहे. मी विचारलं, वाईट नाही वाटलं? ते म्हणाले, वाटलं, पण त्यामुळे नोकरी टिकली. जिंकणारे चेहरे दोन-तीन वर्षांत बदलले जातात, हरणारा कायम लागतो.

मग अमेरिकेत धाडलं. तिथे कपटी जपानी व्हायचं. आधी वाकून नमस्कार करायचा आणि बेसावध माणसाच्या डोळ्यांत मीठ फेकायचं. प्रेक्षक थुंकत, यांच्या गाडीच्या टायरला भोकं पाडत. मेक्सिकोत तोंडावर कातडी मुखवटा चढवून हरले. परत आल्यावर प्रत्येक होतकरू पोराला यांच्यावरून चालत पुढे पाठवलं गेलं. गेल्या वीस-बावीस वर्षांत त्यांनी एकही लढत जिंकलेली नव्हती. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. आमच्या नात्यातले एक काका वीज मंडळात याच सुरात बदल्यांची हकीकत सांगायचे.

मला हे सगळं फार केविलवाणं वाटलं आणि मी ते तोंडावर दाखवलंही असणार. एका खोट्या खेळात खोटी हार पत्करायची आणि त्यात नाव काढायचं, म्हणजे शून्याच्या मागे शून्य लिहून त्याला अक्षर सुवाच्य आहे म्हणण्यासारखं झालं.

पुन्हा मिरकाब

लढतीच्या दोन दिवस आधी न्याहारीला कुराहाशींच्या डाव्या हातातून चहाचा पेला निसटला. त्यांनी हसून रुमालाने टेबल पुसलं. जेवताना झुबैदी मासा होता. आपला पापलेटच, पण भातावर असा पसरलेला की जणू स्वतःच्याच लग्नाला आलाय. त्याचा तुकडा उचलताना चमचा निसटला. मी विचारलं. ते म्हणाले, काही नाही, वय. मी विचारत राहिले. शेवटी कबूल केलं की मानेपासून बोटांपर्यंत बरेच दिवस मुंग्या येतात, आणि कधीकधी बोटं वळलेलीच राहतात.

तिथल्या मराठी मंडळींच्या ओळखीने मी त्यांना डॉ. उज्ज्वला यांच्याकडे नेलं. या मूळच्या लातूरच्या, मणक्याच्या डॉक्टर, कुवेतमध्ये बरीच वर्षं. त्यांनी मानेचे फोटो काढून घेतले आणि ते उजेडाला धरून बराच वेळ बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"ताई, ह्यांना नीट सांगा. मी साधं सांगायलेय. मानेत जागाच उरली नाही. अजून एकदा मानेवर आपटले तर हात जाईल. पायही जाऊ शकतील."

मी सांगितलं. जसंच्या तसं. कुराहाशींनी फोटोकडे पाहिलं. मग डॉक्टरांना विचारायला सांगितलं, पाठीवर पडलं तर चालेल का? उज्ज्वलाताईंनी कपाळाला हात लावला. त्यांचं म्हणणं की मुळात पडूच नये, पण ऐकायचंच नसेल तर अलगद, आणि एकदाच. कुराहाशी वाकून आभार मानून म्हणाले की सगळं तसंच बसवलेलं आहे. शैलेशना काही कळू देऊ नका, अशी त्यांनी मला विनंती केली. माणूस त्यांचा, मान त्यांची. मी गप्प राहायचं कबूल केलं आणि ते मला पटलं नव्हतं, हेही त्यांना सांगितलं.

त्या रात्री डॉक्टरांकडे जेवायला होतो. ज्वारीचं पीठ लातूरहून आणलेलं, भाकरी डॉक्टरांनी स्वतः थापलेल्या. कुराहाशींनी भाकरी दोन्ही हातांत धरून निरखली आणि खाऊन आणखी एक मागितली. डॉक्टरांच्या कॉलेजातल्या मुलीला मी मराठीत विचारलं, तुला ही कुस्ती आवडते का? तिने इंग्रजीत उत्तर दिलं की हे सगळं स्क्रिप्टेड असतं, आंटी. मला तिचं कौतुक वाटलं. पण ती आईबरोबर बघायला येणार होती, कारण शैलेशनी फुकटची तिकिटं वाटली होती. कुवेतमधल्या आपल्या लोकांचं एक बघितलं. ज्या गोष्टीला नाकं मुरडतात तिचं तिकीट फुकट मिळालं, की सगळं कुटुंब इस्त्रीचे कपडे घालून हजर.

जहरा

शहरात हॉल मिळाला नाही, म्हणून लढत जहराला. पश्चिमेकडे जाताना घरं विरळ होत जातात आणि मग दोन्ही अंगांनी वाळवंट. आपल्याकडे वाळवंट म्हटलं की सोनेरी टेकड्या डोळ्यांपुढे येतात. हे सपाट, राखाडी, मधूनमधून विजेचे खांब. थंडी सुरू झाली म्हणून कुवेती कुटुंबांनी तंबू ठोकले होते. तंबूत जनरेटर, बाहेर गाड्या, मुलं चारचाकी मोटारसायकली उडवत. घर सोडून वाळूत जायचं आणि वाळूत घर मांडायचं, ही हौस मला आवडली. मुकाट बघत बसावं असं त्या प्रवासात तेवढंच होतं.

एका क्लबचा हॉल होता. शैलेशचे ज्वाळांचे पडदे अर्धेच आले होते, त्यामुळे रिंगच्या एका बाजूला नरक आणि दुसऱ्या बाजूला बॅडमिंटनचं नेट. प्रेक्षक बरे जमले. फिलिपिनो, भारतीय, इजिप्शियन, काही कुवेती पोरं, एक जपानी कुटुंब. पहिल्या रांगेत फहदचे मामा, पांढऱ्या शुभ्र वेशात. दुसऱ्या रांगेत उज्ज्वलाताई आणि त्यांची मुलगी. माझी खुर्ची रिंगला लागून, हातात माइक, कारण शेवटी निरोपाचं भाषण व्हायचं होतं.

फहद धुरातून आला. पोटाचे स्नायू उठून दिसावेत म्हणून त्याने सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता, हे त्याच्याच मित्राने मला कौतुकाने सांगितलं होतं. कुराहाशी काळा लंगोट आणि गुडघ्यांना पट्ट्या बांधून आले, दोरीला नमस्कार केला, आणि झोडपून घ्यायला सुरुवात केली.

ते काम ते कसं करत होते हे लिहायला हवं. फहदचा फटका त्यांना नीट लागतही नव्हता. पण ते असे कोलमडत की बाजूची माणसं कण्हत. फहद नुसता उभा होता. त्याला बलवान दाखवण्याचे सगळे कष्ट म्हातारा उपसत होता. आवडलं असं मी म्हणणार नाही. पण नजर हटली नाही, एवढं खरं.

मध्यावर ठरल्याप्रमाणे ते उलटले, फहदला खाली घेतलं आणि वर पडले. पंचाने एक आपटी मारली. दुसरी मारली. फहदने खांदा उचलायचा होता. तो हलला नाही. डोळे उघडे, तोंड कोरडं, छाती भात्यासारखी. तो बेशुद्ध नव्हता. त्याला फक्त काय करायचं ते आठवत नव्हतं. कुराहाशी त्याच्या कानात काहीतरी पुटपुटताना मला दिसले. मग तिसरी आपटी पडली.

घंटा वाजली. हॉलमध्ये क्षणभर कुणालाच काही समजलं नाही, आणि मग असा गजर झाला की छपराचा पत्रा थरथरला. खुर्च्यांवर चढून लोक ओरडत होते. फुकट आलेल्या माणसांना काहीतरी खरं घडलेलं बघायला मिळालं होतं.

काळे बैल जिंकले होते आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते गुडघ्यांवर बसूनच फहदसमोर कपाळ फळीला टेकवून माफी मागू लागले. फहद उठला. आधी तो गोंधळला, मग त्याने पहिल्या रांगेतल्या मामांकडे पाहिलं, आणि मग तो चिडला. शैलेश धावत माझ्या खुर्चीपाशी आले आणि पंचावर खेकसले. पंच शांतपणे म्हणाला की सर, तीन म्हणजे तीन. मग शैलेश माझ्याकडे वळले.

"मॅडम, अनाउन्स करा. टेक्निकल मिस्टेक. मॅच पुन्हा होणार."

मी त्यांना कुराहाशींचा हात बघा म्हटलं. डाव्या हाताची बोटं तळव्यात वळून बसली होती आणि ते दुसऱ्या हाताने ती उघडायचा प्रयत्न करत होते. शैलेश म्हणाले, दोनच मिनिटांचं काम आहे. तोवर कुराहाशी दोरीपाशी आले, माझ्या माइककडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "मो इक्काई." पुन्हा एकदा. मग त्यांनी पूर्ण वाक्य सांगितलं. माझ्या चुकीने प्रेक्षकांचा आणि या तरुणाचा विरस झाला, मला पुन्हा लढू द्यावं, या वेळी मी नीट हरेन.

त्यांच्या मागे फहद खांदे फिरवत उभा होता. आता त्याला सगळं आठवत होतं, फक्त 'हळूच' सोडून. दुसऱ्या रांगेत उज्ज्वलाताई उभ्या राहिल्या होत्या आणि माझ्याकडे बघून नाही, नाही अशी मान हलवत होत्या.

मी माइक तोंडाशी नेला. इंग्रजीत म्हटलं, "कुराहाशी-सान सांगताहेत की ही त्यांची शेवटची लढत होती आणि ती संपली आहे. कुवेतचे ते आभार मानतात आणि इथेच निरोप घेतात."

टाळ्या सुरू झाल्या. ते जपानी कुटुंब आधी एकमेकांकडे बघत राहिलं, कारण त्यांनी दोन्ही भाषा ऐकल्या होत्या. मग त्यांच्यातले आजोबा उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. त्यांच्यामागे हॉल उभा राहिला. फहदचे मामाही उठले, कारण सगळे उठल्यावर बसून राहणं वाईट दिसतं. त्या गजरात पुन्हा लढत लावायची सोय उरली नाही. कुराहाशींना इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण 'लास्ट' आणि 'फिनिश' हे शब्द या धंद्यात ऐकून ऐकून पाठ झालेले असतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग चारी बाजूंना वाकून नमस्कार केला, कारण दुसरं काय करणार.

मागच्या खोलीत शैलेशनी मला विचारलं की तो खरंच असं बोलला का. मी नाही म्हटलं. ते म्हणाले की यापुढे मला आखातात कुणी काम देणार नाही. मी म्हटलं, आखातात आणखी किती जपानी बैल येणार आहेत? त्यांनी यावर थोडा विचार केल्यासारखं केलं आणि फहदच्या मामांची समजूत घालायला पळाले. फहद कोपऱ्यात डोक्यावर टॉवेल घेऊन बसला होता. कुराहाशी त्याच्यासमोर जाऊन पुन्हा वाकले आणि त्याला पाण्याची बाटली दिली. त्याने ती घेतली, पण वर पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा व्हिडिओ आला. त्यात पहिली झोडपाझोडपी होती आणि मग थेट टाळ्या वाजवणारा हॉल होता.

परतीच्या गाडीत कुराहाशी उजव्या हाताने डाव्या हाताची बोटं एकेक करून सरळ करत होते. तंबूंमधले दिवे मागे गेले, शहराचे आले.

"वसुधा-सान, मी ते बोललो नव्हतो," ते म्हणाले.

मी म्हटलं, नाही.

"दुभाषाने असं करू नये."

मी म्हटलं, करू नये.

मग ते स्वतःशीच बोलल्यासारखं सांगू लागले. त्या मुलाच्या कानात ते 'खांदा, खांदा' म्हणत होते. स्वतः बाजूला झाले असते तर लढत वाचली असती. पण वर चढलेल्या माणसाने आपणहून उतरायचं असतं, हे त्यांना आयुष्यात कुणी शिकवलेलं नव्हतं. खालचा उठवतो, मग आपण उठतो. ते त्याची वाट बघत राहिले. हे ऐकताना मला पहिल्यांदाच समजलं की या माणसाला आज खरोखर लाज वाटते आहे. आठवडाभर मी ज्या उद्योगाला हसत होते तो हाच. माझं मत त्या उद्योगाबद्दल फारसं बदललेलं नाही. पण त्या गाडीत मला हसू आलं नाही.

विमानतळ

माझं विमान संध्याकाळचं, त्यांचं सकाळचं. शैलेशनी पाठवतो म्हटलेली गाडी आली नाही, म्हणून मी टॅक्सी करून त्यांना पोचवायला गेले. बॅगा मी उचलते म्हटलं तर ऐकेनात. उजव्या हाताने एकेक करून त्यांनीच काट्यावर ठेवल्या. उज्ज्वलाताईंनी जपानमधल्या डॉक्टरांसाठी सगळे फोटो बरोबर दिले होते.

आत जाण्याआधी त्यांनी घरी फोन लावला. मी जरा लांब सरकले, तरी ऐकू येत होतं. त्यांची बायको गावात एक छोटी खानावळ चालवते, आणि प्रत्येक लढतीनंतर तिला फोन करायचा रिवाज होता. ते म्हणाले, संपलं. मग म्हणाले, जिंकलो. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. ते पुन्हा म्हणाले, जिंकलो. मग तिसऱ्यांदा. शेवटी हताश होऊन त्यांनी फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, तुम्ही सांगा, माझ्यावर विश्वास नाही तिचा.

मी फोन घेतला, मी कोण ते सांगितलं, आणि म्हटलं की हो, ते जिंकले, मी शेजारीच बसले होते.

पलीकडे थोडा वेळ ताटल्यांचा आवाज येत राहिला. मग त्या बाईंनी काळजीच्या सुरात विचारलं, "समोरचा आजारी होता का?"

नाही, मी म्हटलं, चांगला धडधाकट होता.

"त्याला लागलं नाही ना कुठे?"

मी म्हटलं, नाही, जराही नाही.

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या. "घरी पाठवून द्या त्यांना."